अकाली जन्मलेले यंत्र

श्रोतेहो, ज्यांनी ॲम्बॅसडर आणि फियाट या गाड्यांचा काळ पाहिला आहे, त्यांना हिवाळ्यातील सकाळची एक धांदल आठवत असेल. दाराशी उभी असलेली गाडी रात्रभराच्या थंडीने गारठलेली असायची. चालक चोक ओढायचा, किल्ली फिरवायचा, इंजिन दोन-चार वेळा खोकायचे आणि गप्प बसायचे. चोक थोडा अधिक ओढला गेला की पेट्रोल जास्त होऊन स्पार्क प्लग भिजायचे. मग घरातल्या धडधाकट मंडळींना गाडी ढकलण्यासाठी बाहेर यावे लागायचे. उन्हाळ्यातील गंमत याहून वेगळी. खंडाळ्याचा घाट चढता चढता पेट्रोलच्या नळीतच वाफ धरायची, इंजिनाला इंधन मिळेनासे व्हायचे, आणि चालक पेट्रोलच्या पंपावर ओले फडके गुंडाळून रस्त्याच्या कडेला बसून राहायचा. थंडी असो वा ऊन, इंजिनाला हवे तेवढेच पेट्रोल हवे त्या क्षणी पोचवणे ही गोष्ट किती अवघड आहे, हे त्या फडक्याने एका पिढीला चांगले शिकवले.

या दुखण्यावरचा उपाय फार पूर्वीच सुचला होता, आणि तो नुसता सुचून राहिला नव्हता. 1958 साली अमेरिकेत तो काही मोजक्या मोटारींत बसवून गिऱ्हाइकांच्या हाती देण्यातही आला होता. तो उपाय म्हणजे विजेच्या मेंदूने चालणारे इंधनाचे अंतःक्षेपण. गॅरेजमध्ये ज्याला साधेपणाने ‘इंजेक्शन’ म्हणतात, तेच हे. परंतु त्या मोजक्या गाड्यांतील बहुतेकांमधून ही यंत्रणा वर्ष-दोन वर्षांत उपटून काढली गेली आणि तिच्या जागी जुना कार्ब्युरेटर पुन्हा येऊन बसला. आज जगातील जवळजवळ प्रत्येक नवी पेट्रोल गाडी ज्या तत्त्वावर चालते, त्या तत्त्वाची पहिली कहाणी अशी पराभवाची आहे. तो पराभव का झाला आणि त्याचा विजय कसा झाला, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम कार्ब्युरेटरबद्दल दोन शब्द बोलणे आवश्यक आहे. कारण त्याच्यावर अन्याय करून पुढे जाणे बरे नाही. पेट्रोल हे स्वतः इंजिनात जळत नाही. त्याची हवेशी योग्य प्रमाणात गाठ पडावी लागते, आणि ते प्रमाण वजनाने एकास सुमारे पंधरा असे आहे. हवा थोडी अधिक झाली तर इंजिन अडखळते. पेट्रोल अधिक झाले तर धूर निघतो आणि पैसाही जळतो. जर्मन अभियंता विल्हेल्म मायबाख याने 1893 च्या सुमारास यावर अत्यंत सुबक युक्ती काढली. हवेच्या वाटेत एक अरुंद गळा ठेवावयाचा. तेथे हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो, आणि त्या कमी दाबामुळे बारीक नळीतून पेट्रोल आपोआप वर खेचले जाऊन त्याचा तुषार होतो. अत्तरदाणीचा फवारा ज्या नियमाने उडतो, तोच हा नियम. या युक्तीत वीज नाही, दात्यांची चाके नाहीत; वाहत्या हवेनेच आपल्यापुरते पेट्रोल उचलून न्यावयाचे! या एका कल्पनेवर मोटारींची पाऊणशे वर्षे निघाली.

मात्र वाहती हवा हा हिशेबनीस ढोबळ असतो. इंजिन थंड असले की पेट्रोलचे थेंब नळीच्या भिंतींवरच चिकटून राहतात. कार्ब्युरेटरजवळच्या सिलिंडरला भरपूर मिळते, दूरच्याला उपाशी राहावे लागते. चढणीवर गाडी तिरपी झाली, वळणावर झुकली, उंच डोंगरावर हवा विरळ झाली, की हिशेब चुकतो. पंगतीत वाढपी एकच असावा आणि त्याने दारातूनच भात फेकावा, तशी ही व्यवस्था. ज्याच्या पानात पडेल त्याच्या पडेल.

म्हणून प्रत्येक पानापाशी जाऊन वाढणारा वाढपी हवा, हा विचार इंजिनाच्या कारागिरांना फार लवकर सुचला. डिझेल इंजिनात तर दुसरा मार्गच नव्हता. तेथे पंपाने प्रचंड दाब देऊन इंधन सिलिंडरमध्ये फवारावेच लागते. ही कला नाशिककरांना अपरिचित नाही. पूर्वी ‘मायको’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, आता बॉशच्या नावाने चालणाऱ्या सातपूरच्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे इंजेक्टर आणि नोझल तयार होत आले आहेत. पेट्रोल इंजिनात ही पद्धत प्रथम आली ती विमानांत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या मेसरश्मिट विमानातील डाइम्लर-बेन्झ इंजिनाला इंजेक्शनचा पंप होता; ब्रिटिशांच्या स्पिटफायरमधील मर्लिन इंजिनाला कार्ब्युरेटर होता. 1940 च्या हवाई लढाईत जर्मन वैमानिक एकाएकी विमानाचे नाक खाली करून सूर मारी. त्याचा पाठलाग करणाऱ्या ब्रिटिश विमानाचे पेट्रोल मात्र त्या झटक्याने कार्ब्युरेटरच्या हौदात वर उसळे आणि इंजिन क्षणभर श्वास सोडी. बीट्रिस शिलिंग या इंग्रज महिला अभियंत्याने 1941 साली पेट्रोलच्या वाटेत नेमक्या मापाचे भोक असलेली एक लहानशी चकती बसवून त्यावर तात्पुरता तोड काढला. वाढप्याच्या जागेवर माणसांचे प्राण कसे अवलंबून असतात, याचे याहून बोलके उदाहरण मिळणार नाही.

युद्धानंतर ही विद्या मोटारीत उतरली. 1950 च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत गुटब्रोड आणि गोलियाथ या छोट्या गाड्यांना बॉशचे यांत्रिक इंजेक्शन लाभले, आणि 1954 साली मर्सिडीज 300 एसएल ही पंखांसारखी दारे उघडणारी सुप्रसिद्ध गाडी त्याच विद्येच्या बळावर जगापुढे आली. अमेरिकेत 1957 साली शेव्हरोलेट कंपनीने आपल्या कॉर्व्हेट गाडीला यांत्रिक इंजेक्शन देऊन जाहिरातींचा धुरळा उडवला. परंतु हे पंप घड्याळाच्या कारागिरीने बनवावे लागत. त्यांची किंमत श्रीमंतांना परवडणारी होती आणि त्यांची दुरुस्ती अगदी थोड्यांना जमणारी होती.

येथे एक साधा विचार पुढे येतो. इंजेक्टर म्हणजे अखेर एक झडप. ती उघडली की पेट्रोल उडते, मिटली की थांबते. पेट्रोलचा दाब कायम सारखा ठेवला, तर किती पेट्रोल गेले हे केवळ झडप किती वेळ उघडी होती यावर ठरेल. मग मापण्याचे काम पंपाकडे कशाला द्यावयाचे? झडप विद्युतचुंबकाने उघडावी, आणि ती किती वेळ उघडी ठेवावयाची हे विजेच्या मंडलाने ठरवावे. द्रवाचे माप काळाच्या मापात बदलून टाकण्याची ही कल्पना! विजेने उघडणारे इंजेक्टर इटलीत ओतावियो फुस्काल्दो याने बनवले होते आणि 1940 च्या मिले मिलिया शर्यतीत अल्फा रोमिओच्या एका गाडीवर ते आजमावलेही गेले होते. परंतु युद्धाच्या धुमाळीत तो प्रयोग तेथेच राहिला. कल्पनेला पूर्ण शरीर दिले ते अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने.

बेंडिक्सच्या अभियंत्यांनी 1950 च्या दशकाच्या पूर्वार्धात हे काम हाती घेतले, तेव्हा इलेक्ट्रॉनिक यंत्रणा म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या. आपल्या जुन्या घरगुती रेडिओत त्या लालसर उजेडाने तापत बसत, हे आपल्यापैकी काहींना स्मरत असेल. रेडिओ लावल्यावर आवाज येण्यासाठी जसे थांबावे लागे, तसे गाडी सुरू करण्यासाठीही थांबावे लागले असते. तेवढ्यात ट्रान्झिस्टर आला. आपल्याकडे ‘ट्रान्झिस्टर’ म्हणजे रेडिओच, असा अर्थ रूढ झाला तो उगाच नव्हे. या चिमुकल्या वस्तूने रेडिओला माणसाच्या हातात आणि खांद्यावर आणून ठेवले. मोटारीतही ट्रान्झिस्टर प्रथम शिरला तो रेडिओच्याच रूपाने. क्रायस्लर कंपनीने 1955 साली संपूर्ण ट्रान्झिस्टरचा मोटार-रेडिओ विक्रीस आणला. जी वस्तू गाडीत गाणे ऐकवू शकते, ती पेट्रोलही मोजू शकेल, असे बेंडिक्सला वाटले तर नवल नाही.

त्यांच्या यंत्रणेचे नाव होते ‘इलेक्ट्रोजेक्टर’. रॉबर्ट सटन याच्या नावाने तिच्या पेटंटाचा अर्ज 1957 साली दाखल झाला. आठ सिलिंडरच्या इंजिनाला आठ इंजेक्टर. पेट्रोलचा दाब चौरस इंचाला सुमारे 20 पौंड. डिस्ट्रिब्यूटरमध्ये बसवलेले संपर्कबिंदू कोणत्या सिलिंडरची पाळी आली हे सांगत. आणि ‘मॉड्युलेटर’ नावाची एक पेटी नळीतील हवेचा दाब व तापमान पाहून प्रत्येक झडप किती काळ उघडावयाची याचा निर्णय घेई. एवढे वर्णन आजच्या गाडीलाही थोड्याफार फरकाने लागू पडते. त्या अभियंत्यांची दृष्टी किती अचूक होती, हे यावरून दिसेल.

अमेरिकन मोटर्स या कंपनीने 1957 च्या रॅम्बलर रेबेल गाडीसाठी ही यंत्रणा जाहीर केली. 327 घनइंचांच्या त्या इंजिनातून कार्ब्युरेटरने 255 अश्वशक्ती मिळे. इलेक्ट्रोजेक्टरने 288 मिळतील, असे कंपनीने सांगितले. किंमत 395 डॉलर अधिक. वृत्तपत्रांनी वाहवा केली. पण थंड हवेत ते इंजिन सुरू होताना कुरकुर करू लागले, आणि ही यंत्रणा असलेली एकही रेबेल बहुधा गिऱ्हाइकाच्या घरी पोचली नाही. पुढच्या वर्षी क्रायस्लरने धाडस केले. क्रायस्लर 300 डी, डी सोटो ॲडव्हेंचरर, डॉज आणि प्लिमथ या आपल्या चार नावांच्या बलदंड गाड्यांत मिळून सुमारे 35 गाड्यांना इलेक्ट्रोजेक्टर बसवण्यात आला. या गाड्या खरोखर विकल्या गेल्या. उत्पादक कंपनीने इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनसह विकलेल्या पहिल्या मोटारी म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे.

आता या 35 गाड्यांच्या मालकांचा विचार करा. पदरचे चारशे डॉलर अधिक देऊन त्यांनी उद्याचे यंत्र आज घेतले. आणि ते यंत्र सिग्नलपाशी अकारण बंद पडू लागले. मॉड्युलेटरच्या पेटीतील धारित्रे, म्हणजे ज्यांना कारागीर ‘कंडेन्सर’ म्हणतात ती, मेण लावलेल्या कागदाची होती. घरातील रेडिओच्या सुखवस्तू जीवनासाठी ती ठीक होती. मोटारीच्या बॉनेटखालील उष्णता, धक्के आणि दमटपणा त्यांना मानवला नाही. त्यांची मापे बदलत गेली आणि मापे बदलली की पेट्रोलचा हिशेब बिघडला. बाहेरच्या विद्युतलहरींचा उपद्रवही त्या पेटीला होई. गाडी दुरुस्तीला न्यावी, तर गावातल्या मेकॅनिकने असली पेटी जन्मात पाहिलेली नसे. त्याच्या हातात पान्हे होते. त्याला हवा होता विद्युतमापक आणि त्याहून अधिक एखादा रेडिओ-दुरुस्ती करणारा स्नेही!

कंपनीने शेवटी व्यवहारी निर्णय घेतला. बहुतेक गाड्या परत बोलावून त्यांतील इलेक्ट्रोजेक्टर काढण्यात आला आणि कार्ब्युरेटर बसवून त्या मालकांच्या स्वाधीन करण्यात आल्या. इतिहासाच्या दृष्टीने अमोल असलेली ती यंत्रणा आज मूळ स्वरूपात जिच्यावर आहे, अशी गाडी अत्यंत दुर्मिळ झाली आहे, आणि ती पुन्हा चालती करण्यासाठी जुन्या गाड्यांच्या शौकिनांना वर्षानुवर्षे खपावे लागले आहे.

हा पराभव केवळ मेणाच्या कागदाने केला, असे म्हणणे अपुरे होईल. नव्या यंत्राला दोन आधार लागतात. एक, त्याला घडवणारी सामग्री तयार असावी लागते. दुसरे, त्याची समाजाला निकड असावी लागते. 1958 साली दोन्ही नव्हते. त्या काळचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर उष्णतेने लहरी होत. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त होते. त्या वर्षी मंदीने मोटारींचा बाजार बसला होता. आणि चांगला कार्ब्युरेटर जवळजवळ तेवढीच शक्ती देत होता. क्रायस्लर 300 डी मध्ये इलेक्ट्रोजेक्टरने अश्वशक्ती 380 वरून 390 वर गेली. दहा अश्वशक्तींसाठी एवढा व्याप कोण सहन करील?

निकड निर्माण झाली ती वेगळ्याच दिशेने, आणि ती निर्माण केली लॉस एंजेलिसच्या आकाशाने. जुलै 1943 मध्ये त्या शहरावर डोळे झोंबवणारे धुरकट सावट उतरले होते. युद्धाचे दिवस असल्यामुळे हा जपानचा विषारी हल्ला तर नव्हे, अशीही शंका काहींना आली. पुढे हे सावट नित्याचे झाले. पॅसाडेना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये आरी हागेन-स्मिट नावाचे डच रसायनशास्त्रज्ञ अननसाच्या स्वादाचा अभ्यास करीत होते. फळाचा सुगंध पकडण्याची आपली विद्या त्यांनी शहराच्या हवेवर चालवून पाहिली. 1950 च्या दशकाच्या आरंभी त्यांनी दाखवून दिले की, मोटारींतून व कारखान्यांतून निघणारे अर्धवट जळालेले इंधन आणि नायट्रोजनची संयुगे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे विषारी धुके जन्मते. अननसाच्या वासापासून मोटारीच्या धुरापर्यंतचा हा प्रवास विज्ञानाच्या इतिहासात मोठा रम्य आहे. परंतु मोटार उत्पादकांना तो मुळीच रम्य वाटला नाही. कारण त्यातून कायदे निघाले. प्रथम कॅलिफोर्नियाने 1966 च्या गाड्यांपासून धुरावर मर्यादा घातल्या आणि 1968 च्या गाड्यांपासून साऱ्या अमेरिकेत त्या लागू झाल्या. 1970 च्या कायद्याने तर त्या कमालीच्या कडक करण्याचे ठरवले.

कार्ब्युरेटरचा ढोबळपणा आता गुन्हा ठरला. आजवर चार थेंब इकडेतिकडे झाले तर मालकाच्या खिशाचा प्रश्न होता. आता तो शहराच्या फुफ्फुसांचा प्रश्न झाला.

या वेळी तयार होती ती जर्मनीतील बॉश कंपनी. बेंडिक्सची पेटंटे वापरण्याचे हक्क तिने मिळवले होते आणि 1960 च्या दशकात तिच्या तरुण अभियंत्यांनी त्या कल्पनेवर पुन्हा काम सुरू केले होते. या कामाशी हेर्मान शोल यांचे नाव निगडित आहे. पुढे ते साऱ्या बॉश कंपनीचे प्रमुख झाले. मधल्या दहा वर्षांत उष्णतेला दाद न देणारे सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर स्वस्त झाले होते, धारित्रे सुधारली होती. बॉशला गिऱ्हाईकही असे मिळाले, की ज्याची गरज खरी होती. फोक्सवॅगन कंपनी अमेरिकेत लाखांनी गाड्या विकत होती आणि नवे नियम पाळल्याशिवाय ती बाजारपेठ टिकणार नव्हती. सप्टेंबर 1967 मध्ये फ्रांकफुर्टच्या मोटार प्रदर्शनात बॉशने आपली यंत्रणा लोकांपुढे ठेवली, आणि फोक्सवॅगन 1600 या साध्या, मागे इंजिन असलेल्या मध्यमवर्गीय गाडीत ती अमेरिकेला रवाना झाली. शर्यतीच्या गाडीत जी टिकली नव्हती, ती यंत्रणा बाजारहाट करणाऱ्या कुटुंबाच्या गाडीत नांदू लागली.

तिचे नाव डी-जेट्रोनिक. यातील ‘डी’ म्हणजे ‘द्रुक’, अर्थात जर्मन भाषेत दाब. तिचे सारे शहाणपण एका दाबमापकात होते. पितळी नळकांडीएवढ्या त्या उपकरणात हवा काढून घेतलेल्या पातळ धातूच्या डब्या असत. इंजिनाच्या शोषण-नळीतील दाब कमी-जास्त झाला की त्या डब्या फुगत किंवा आकसत, आणि त्यांच्याबरोबर तारेच्या वेटोळ्यातील लोखंडाचा गाभा पुढेमागे सरके. डोंगराची उंची सांगणारा वायुदाबमापक ज्या रीतीने काम करतो, तीच ही रीत. त्या हालचालीचे विजेत रूपांतर होऊन ते काही डझन ट्रान्झिस्टर असलेल्या पेटीपाशी पोचे. हवा आणि इंजिन किती तापले आहे, याची बातमी उष्णतामापक आणीत. मग पेटी इंजेक्टर उघडण्याचा हुकूम सोडी, आणि तो उघडा राही एका सेकंदाच्या हजार भागांपैकी सुमारे दोन ते दहा भाग. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असले, तर प्रत्येक सिलिंडरसाठी हा हिशेब सेकंदात 25 वेळा करावा लागतो. थंड इंजिनासाठी एक वेगळा इंजेक्टर थोडे जास्तीचे पेट्रोल देई. ज्या चोकने आपल्या सकाळी वाया घालवल्या, त्याची येथे गरजच उरली नाही. आणि नळ्यांतून पेट्रोल सतत दाबाखाली फिरत राहून टाकीकडे परतत असल्यामुळे वाफ धरण्याची भीतीही पुष्कळ कमी झाली.

यानंतरचा विस्तार जलद झाला. मर्सिडीज, व्होल्व्हो, साब, बीएमडब्ल्यू, पोर्शे यांनी ही यंत्रणा घेतली. सिट्रोएनच्या डीएस 21 मध्ये 1969 साली ती आली. आज या गाड्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत मानाने मिरवतात. त्यांचे मालक सांगतात, की पेटीतील ट्रान्झिस्टर सहसा दगा देत नाहीत; दगा देतात त्या साध्या गोष्टी. तारांवरील रबराचे वेष्टण उष्णतेने कडक होऊन तडकते. डिस्ट्रिब्यूटरमधील संपर्कबिंदू झिजतात. दाबमापकातील पातळ पडदा फाटतो. मधल्या काळात अनेक ठिकाणी 1958 चीच पुनरावृत्ती झाली. कळत नाही म्हणून इंजेक्शन काढून टाकले गेले आणि त्या जागी कार्ब्युरेटर बसवले गेले. आता त्याच गाड्यांसाठी त्याच यंत्रणेचे भाग शोधत लोक देशोदेशी पत्रव्यवहार करतात.

पुढचे टप्पे थोडक्यात सांगतो. 1970 च्या दशकाच्या मध्यास एल-जेट्रोनिक आली. ती दाबावरून अंदाज न बांधता आत जाणारी हवाच एका झुलत्या फळीने मोजू लागली. 1976 साली व्होल्व्होच्या कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांत ‘लॅम्डा’ संवेदक आला. तो धुराड्यातील प्राणवायू पाहून मिश्रण बरोबर झाले की नाही हे पेटीला उलट कळवतो. वाढप्याला प्रथमच जेवणाऱ्याचा अभिप्राय मिळू लागला! 1979 साली बीएमडब्ल्यूच्या गाडीत मोट्रोनिक ही संगणकी यंत्रणा आली आणि पेट्रोल व ठिणगी या दोहोंचा कारभार एका हाती गेला. दरम्यान, 1975 साली कॅडिलॅकच्या सेव्हिल गाडीला इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन मिळाले, आणि त्यामागे बेंडिक्सचे नाव होते. ज्या देशातून हे मूल घराबाहेर काढले गेले होते, त्या देशात ते सतरा वर्षांनी मानाने परतले.

आपल्या देशातही या इतिहासाचा क्रम बदलला नाही. आपल्याकडे कार्ब्युरेटरचे राज्य फार काळ टिकले, कारण गाड्यांचे नमुनेच जुने होते आणि निकड निर्माण झाली नव्हती. दिल्लीच्या हवेने ती निर्माण केली. 1995 पासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल गाड्यांना शिसेविरहित पेट्रोल आणि धूर शुद्ध करणारी उत्प्रेरक नळी आवश्यक झाली. 1999 साली सर्वोच्च न्यायालयाने राजधानीच्या परिसरासाठी कडक मर्यादा घालून दिल्या. 2000 साली देशभर नवे मानक लागू झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर नाहीसा झाला. खुद्द ॲम्बॅसडरच्या 1800 सीसी इंजिनालाही इंजेक्शन बसवले गेले. एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहाचे मानक आले आणि खेड्यापाड्यांतून धावणाऱ्या बहुतेक नव्या मोटारसायकलींनीही कार्ब्युरेटरचा निरोप घेतला. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हा चोक ओढणाऱ्या एका युगाचाच पडदा पडला.

श्रोतेहो, यंत्रांचा इतिहास आपण बहुधा विजेत्यांकडून ऐकतो. तो ऐकताना असे वाटते की, कोणाला तरी एके दिवशी कल्पना सुचली आणि दुसऱ्या दिवशी जग बदलले. इलेक्ट्रोजेक्टरची हकीगत आपल्याला सावध करते. बेंडिक्सच्या लोकांचा विचार चुकला नव्हता. त्यांच्या हाती मेणाचा कागद होता आणि त्यांच्यासमोर स्वस्त पेट्रोलचे जग होते. नऊच वर्षांनी तोच विचार, थोडी बरी सामग्री आणि एका शहराचे चुरचुरणारे डोळे यांची गाठ पडली, आणि पाऊणशे वर्षांचे राज्य उलथू लागले. म्हणून एखादी नवी गोष्ट पहिल्या प्रयत्नात फसली, तर ती मोडून भंगारात टाकण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा, की चूक विचारात आहे की केवळ सामग्रीत?

आणि उद्या सकाळी, कडाक्याच्या थंडीतही, आपली गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, तर ज्यांनी चारशे डॉलर अधिक मोजले आणि रस्त्यात अडकून पडले, त्या पहिल्या गिऱ्हाइकांची क्षणभर आठवण काढण्यास हरकत नाही. आपल्या सोयीच्या किमतीचा पहिला हप्ता त्यांनी भरला आहे.